मदत हवी आहे: केसांचा गुंता निघाला, तरी मोरी तुंबतेय

बाथरूमची जाळी आणि आतली वाटी काढून दातेरी प्लॅस्टिकची पट्टी घातली, साधारण ५० सेंमीची. अडेपर्यंत ढकलली, चार-पाचदा वरखाली केली, मग सावकाश ओढली (झटका दिला की पट्टी तुटते आणि तुकडा आतच राहतो). साबणाच्या राखाडी थराने माखलेला, शेपटीएवढा गुंता बाहेर आला. पण अर्धी बादली कोमट पाणी ओतल्यावर पहिले दोन तांबे सर्रकन गेले, मग पाणी चढून जाळीपाशी थांबलं. बेसिनचं पाणी सोडलं की इथे बुडबुडे येतात. म्हणजे ट्रॅप (जाळीखालचं, पाणी साठून राहणारं वळण) मोकळा, बोळा पुढच्या आडव्या पाइपात, असा अंदाज आहे.

पट्टी वळणाच्या पुढे जात नाही. ५-६ मिमी जाडीची, हाताने फिरवायची स्प्रिंग वायर त्या वळणातून जाईल का? ३ मीटर पुरेल की ५ घ्यावी? अडल्यावर जोर लावून फिरवली तर पीव्हीसीचा सांधा निसटेल का?

कॉस्टिक किंवा अ‍ॅसिड कृपया सुचवू नका. नंतर वायर ओढताना तेच अंगावर उडतं. उकळतं पाणीही नको, पीव्हीसी नरम पडतो.