स्कूल बसला आणखी दिवे लावून काय होणार?

कोलंबसकर
अमेरिकेतल्या आमच्या इंडियानात ऑक्टोबरच्या शेवटी सकाळी सातला मिट्ट काळोख असतो. घड्याळं एक तास मागे जातात ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, तोवर सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो. त्या काळोखात माझी सात वर्षांची मुलगी रस्ता ओलांडून पलीकडे उभ्या बसमध्ये चढते. (कोलंबस म्हणजे ओहायोतलं नव्हे, कमिन्स या इंजिनवाल्या कंपनीचं. इथे अर्धं पुणं राहतं.)

भारतातल्या मंडळींसाठी: इथे बस थांबण्याआधी पिवळे दिवे आळीपाळीने लुकलुकतात, दार उघडताना लाल लागतात आणि डाव्या अंगाने अष्टकोनी 'स्टॉप'ची पाटी बाहेर येते. साध्या दुपदरी रस्त्यावर मग दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी थांबायचं, असा कायदा आहे.

आता शाळेच्या बैठकीत बसला जादा दिवे लावायचा विषय आलाय: कपाळावर आणि पाठीवर आतून उजळणारी 'स्कूल बस' पाटी, शिवाय जास्त लांब, एलईडीवाला स्टॉप-आर्म, म्हणजे ती बाहेर येणारी पाटी. खर्चावरून कुरकुर चालू आहे. मी म्हणतो, लावा.

30 ऑक्टोबर 2018 ला याच राज्यात, रोचेस्टरजवळ, बस उभी होती, लाल दिवे चालू होते, पाटी बाहेर होती. तरी एक पिकअप थेट आला. तीन भावंडं गेली, नऊ वर्षांची ताई आणि सहा वर्षांचे जुळे भाऊ. आणखी एक मुलगा जबर जखमी झाला. चालक बाईंना 4 वर्षांची कैद झाली. त्यांचं म्हणणं होतं की दिवे दिसले, पण ही स्कूल बस आहे हे लक्षात आलं नाही. मला ते डोक्यातून काढताच येत नाही. बसचा पिवळा रंग 1939 मध्ये ठरला तो झुंजूमुंजूला काळी अक्षरं वाचता यावीत म्हणून. पार अंधारात रंग काय दिसणार आणि अक्षरं तरी काय?

नट_बोल्ट
माझा विरोध. तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातंय. त्या अपघाताची चौकशी एनटीएसबीने, म्हणजे अपघात तपासणाऱ्या केंद्रीय संस्थेने केली. निष्कर्ष असा की लाल दिवे आणि पाटी स्पष्ट दिसत होती, तरी चालक का थांबली नाही ते कळत नाही. आणि पुढे जे म्हटलंय ते कोणी वाचत नाही: ताशी 55 मैलांच्या रस्त्यावर पोरांना ओलांडायला लावणारा थांबा ठेवला, मार्गाची सुरक्षा नीट तपासलीच नव्हती. नंतर थांबा वस्तीच्या आत नेला. त्यासाठी दिवा लागला नाही.

55 मैल म्हणजे सेकंदाला 80 फूट. काय दिसतंय ते कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीडेकशे फूट गेलेच. बाकी कचऱ्याची गाडी लुकलुकते, टो ट्रक लुकलुकतो, रस्त्याच्या कामावरचा पिंपसुद्धा लुकलुकतो. त्यात तुम्ही अजून दोन दिवे घाला.

कोलंबसकर
अहो, दिसणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. लुकलुक वाढवा असं मी म्हणतच नाहीये. पाटी उजळा म्हणतोय. ती वाचता येते. तुमच्या पिंपावर काय लिहिलेलं असतं?

तिरका_डोळा
दोघेही चालकाला भाबडा समजताय. 2019 मध्ये अमेरिकाभर एका दिवशी सुमारे 1 लाख 30 हजार बसचालकांनी मोजणी केली. उभ्या बसला बेकायदा ओलांडून गेलेल्या गाड्या किती? 95 हजारांच्या वर. एका दिवसात! एवढ्या सगळ्यांना बस ओळखता आली नाही म्हणता? घाई असते हो, दुसरं काही नाही. कॅमेरे लावा आणि पावती घरी पाठवा.

नट_बोल्ट
पावती पोचते तोवर पोरगं रस्ता ओलांडून शाळेतही पोचलेलं असतं, किंवा नसतं. शिवाय काही ठिकाणी कॅमेरा कंपनीचा दंडात वाटा असतो, म्हणजे लोक थांबायला लागले की त्यांचाच धंदा बसला. आणि नियम तरी कुठे एकसारखे आहेत? आमच्या न्यू जर्सीत मधे दुभाजक असेल तर समोरच्या गाडीने वेग 10 मैलांवर आणून जायचं, शेजारच्या न्यूयॉर्कात दुभाजक असला तरी थांबायचं. पूल ओलांडला की कायदा बदलतो.

मिसिसागाची_मावशी
मी स्कूल बस चालवते, म्हणून चार शब्द. आमच्या कॅनडातल्या ओंटारिओत 2022 पर्यंत पिवळे दिवे नव्हतेच. थांबायच्या आधीही लालच लुकलुकायचे, मग लोकांना कळेना की आत्ता थांबायचं की थोड्या वेळाने. पिवळे आले आणि गोंधळ कमी झाला, हे मी रोज बघते. तेव्हा दिव्यांचा उपयोगच नाही असं म्हणू नका, नट_बोल्ट.

पण पिवळा दिसला की गाडी दामटणारेही असतात, सिग्नलला करतात तसं. मी आरशात बघून, मागची गाडी खरोखर थांबतेय असं वाटल्याशिवाय दार उघडत नाही. पोरं बसपुढून लांब चालत जातात आणि माझा हात वर झाल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत, तसं शिकवलेलं असतं. लाल दिव्यात बस ओलांडली तर इथे पहिल्याच वेळी किमान 400 डॉलर दंड आणि लायसन्सवर 6 पॉइंट. तरी जातात. परवा एक जण कॉफी पीत गेला, माझ्याकडे बघून कप वर केला. मेला.

पौड_फाटा
वाचून गंमत वाटली. आमच्याकडे पोरं व्हॅनकाकांच्या व्हॅनमधून येतात, काका हात दाखवतात, मागचा हॉर्न दाबून धरतो. महाराष्ट्राची स्कूल बस नियमावली 2011 ची आहे, बसचा रंग इथेही पिवळाच. पण ती थांबली म्हणून बाजूचा टेम्पो थांबलाय असं मी तरी पाहिलेलं नाही. तुमची चर्चा चालू द्या.

नट_बोल्ट
मावशी, पिवळ्यांचं मान्य. तो दिवा नवी माहिती देत होता. मला वैताग आहे तो तीच माहिती दुप्पट उजेडात सांगण्याचा.

कोलंबसकर, रोचेस्टरनंतर 2019 मध्ये तुमच्याच राज्याने कायदा केला: राज्यमार्गावर किंवा यूएस मार्गावर दुसरा सुरक्षित पर्याय असेल तर मुलाला रस्ता ओलांडावा लागेल अशा जागी बसमध्ये चढवायचं-उतरवायचं नाही. हे दाखवलंत का बैठकीत?

कोलंबसकर
आमचा रस्ता काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा आहे, त्याला तो कायदा लागू नाही. वेगमर्यादा मात्र 50. बस वसाहतीच्या आत आणा म्हणून मी मागेच विचारलं होतं. आतला रस्ता बंद गल्लीचा, एवढी लांब बस वळत नाही म्हणाले.

मिसिसागाची_मावशी
बरोबर आहे त्यांचं. पोरं आजूबाजूला असताना बस रिव्हर्स घेणं म्हणजे नको रे बाबा. पण मला सांगा, रस्त्याच्या पलीकडे कोण राहतं?

कोलंबसकर
कोणी नाही. मका आणि सोयाबीन.

मिसिसागाची_मावशी
मग फेरीच उलटी फिरवायला सांगा ना! बस दुसऱ्या दिशेने आली की दार तुमच्या बाजूला. शेवटचा थांबा पहिला होईल, कुणाला तरी वीस मिनिटं लवकर उठावं लागेल. बोंबाबोंब होईल ती त्याच घरातून.

कोलंबसकर
हे मला सुचलंच नव्हतं. सोमवारी ट्रान्सपोर्टेशनवाल्यांना फोन करतो. शेवटच्या थांब्यावरचं घर आमच्या मंडळाच्या खजिनदारांचं आहे, म्हणजे दिवाळीच्या कार्यक्रमात मला कोणी फराळ वाढणार नाही.

पाटीचा आग्रह सोडलेला नाही हं, नट_बोल्ट.

नट_बोल्ट
पाटी एकवेळ लावा. लुकलुकली तर मात्र मी परत येईन.