फायबरच्या मोटरहोमवर सीबी रेडिओचा अँटेना कुठे आणि कसा बसवावा?

चाकांवरचं_घर :
नमस्कार मंडळी. मोटरहोममध्ये ४० चॅनलचा सीबी रेडिओ (गाड्यांनी आपसांत बोलायचा सिटिझन्स बँडचा रेडिओ) बसवतोय. रेडिओ डॅशबोर्डखाली नीट बसला, गाडी अडलीय ती अँटेनापाशी. पुढची केबिन आणि बॉनेट पत्र्याचं, मागचं घर फायबरचं. छतावर सोलर पॅनल आणि दोन झरोके आहेत, मागे ॲल्युमिनियमची शिडी आहे. चुंबकाच्या बुडाचा अँटेना छताला चिकटत नाही. छताला भोक पाडायला जीव धजत नाही, पण दुसरा इलाजच नसेल तर तेही ऐकून घेईन. सोबतच्या दोन-तीन गाड्यांशी रस्त्यात बोलता यावं, एवढीच गरज आहे. कोणता अँटेना घेऊ आणि कुठे लावू?

खरखर :
कोणता घ्यायचा ते नंतर बघू. आधी त्याच्या बुडाशी काय आहे ते पाहा. सीबी २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे तरंगलांबी साधारण ११ मीटर. गाडीवरची काठी पाव तरंगाची धरली तरी पावणेतीन मीटर होते. बाजारातल्या काठ्या याहून आखूड असतात, कारण त्यांच्यात कॉइल असते. पण काठी कितीही चांगली घेतली तरी ती अर्धाच अँटेना. उरलेला अर्धा म्हणजे तिच्या खालचा पत्रा, ज्याला ग्राउंड प्लेन म्हणतात. फायबरच्या छतावर तो अर्धा भाग नसतोच. मग एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती उलटते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) ३ च्या वर जातो आणि पाव शक्ती उलटून परत येते. असं असताना बोलण्याचं बटण दाबत राहिलं तर रेडिओच्या आउटपुट ट्रान्झिस्टरचं काही खरं नाही.

एक गोष्ट आधी तपासा. चुंबक चिकटत नाही म्हणजे छत फायबरचंच, असं नाही. ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. झरोक्याची आतली चौकट सैल करा, छताची कापलेली कड दिसेल. तिथे पत्र्याची चकचकीत रेघ दिसते का, तेवढं कळवा.

चाकांवरचं_घर :
चौकट काढून पाहिली. वर फायबर, मध्ये फोम, खाली पातळ प्लायवूड. पत्रा कुठेच नाही.

खरखर :
मग छताचा नाद सोडा. मागच्या शिडीवर 'नो ग्राउंड प्लेन' प्रकारचा अँटेना लावा. तो जोडकेबलसकट संच म्हणून मिळतो आणि त्याची केबल हा अँटेनाचाच भाग असतो. त्यामुळे लांब वाटली म्हणून कापायची नाही, आणि त्या केबलवर साधी काठी चढवायची नाही. काठीतली कॉइल छताच्या वर राहील इतकं ब्रॅकेट उंच धरा.

पान्हा_क्र_१३ :
खरखर, शिडीचा उपाय चालेल, पण इथे त्याहून सोपी वाट आहे. यांच्याकडे बॉनेट पत्र्याचं आहे! बॉनेटच्या मागच्या कोपऱ्याला, बिजागरीजवळ, कडेला पकडणारं ब्रॅकेट लावा आणि मीटरभर लांबीची साधी स्प्रिंगवाली काठी घ्या. कुठे भोक नाही, केबल दीड-दोन मीटरमध्ये रेडिओपर्यंत पोचते आणि काठीचं टोक घराच्या छतापेक्षा खालीच राहतं, म्हणजे कमानी आणि फांद्यांची धास्ती नाही. शिडीवरच्या काठीचं तसं नाही. घराची उंची तीन मीटर धरा, वर मीटरभर काठी. पुढे कमान आली की थांबून मागे जायचं आणि काठी पाडायची.

मागचं घर पत्र्याचं असतं तर मी हे सुचवलं नसतं. काठीला लागून उभी पत्र्याची भिंत आली की मागच्या दिशेला आवाज पोचत नाही आणि ट्यूनिंगही बिघडतं. फायबरची भिंत लहरींना जवळजवळ आडवी येत नाही. मागच्या गाडीला आवाज जरा क्षीण जाईल, पण ताफ्यात बोलायला पुष्कळ झालं.

आता जोडणीकडे लक्ष द्या, खरं काम तिथेच आहे. ब्रॅकेटचे स्क्रू बॉनेटच्या आतल्या बाजूने आवळले जातात. त्यांच्या टोकाखालचा रंग पॉलिश पेपरने घासून उघडा पत्रा दिसू द्या, दातेरी वॉशर घाला आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावा, नाहीतर पहिल्या पावसात गंज चढतो. बॉनेट बिजागरीवर लटकलेलं असतं आणि बिजागरीला रंग नि वंगण असतं, म्हणून तिच्या भरवशावर राहू नका. बॉनेट आणि बॉडी यांच्यात तांब्याची विणलेली चपटी पट्टी जोडा, जमेल तितकी आखूड. मल्टिमीटर टेकवल्यावर शून्य ओहम दाखवतो म्हणून समाधान मानू नका. २७ मेगाहर्ट्झला लांब बारीक वायर जवळजवळ नसल्यासारखीच असते, रुंद आणि आखूड पट्टी लागते.

केबल आरजी-५८ (अँटेनाची बारीक कोॲक्स केबल) चालेल. बॉनेट बंद करताना ती चिमटली जात नाही ना, ते आधी सावकाश बंद करून बघा. उरलेल्या केबलचं घट्ट वेटोळं करून कोंबू नका.

खरखर :
बॉनेटचं पटलं. यांच्या गरजेला तेच बरं. थांबल्या जागी लांबवर बोलायचं असेल तर फायबरच्या खांबाला तारांचा डायपोल (मध्ये केबल जोडलेल्या दोन सरळ तारांचा अँटेना) टांगा, प्रत्येक बाजू २.६ मीटर. त्याला पत्रा लागतच नाही.

गळती_नको :
पुढे कुणी छताला भोक पाडायचं ठरवलं तर एवढं लक्षात ठेवा : नट आवळला की मधला फोम दबतो, छत खोलगट होतं आणि पाणी नेमकं तिथेच साचतं. म्हणून भोकात छताच्या जाडीइतकी नळी बसवून मगच आवळा. साधं सिलिकॉन वापरू नका. पुन्हा सील करायची वेळ आली की त्यावर दुसरं काही धरत नाही. केबल आत न्यायची असेल तर सोलरच्या तारांसाठी असलेल्या पेटीत जागा आहे का ते आधी बघा.

चाकांवरचं_घर :
बॉनेटवर बसवला. रंग घासला, पट्टीही जोडली. मोकळ्या मैदानात एसडब्ल्यूआर मीटर लावला : चॅनल १ ला २.४, २० ला १.९, ४० ला १.६. आता काय करू? आणि दिवसा सतत घरघर येते, रात्री नाही.

खरखर :
खालच्या चॅनलला जास्त आणि वरच्याला कमी, म्हणजे काठी आखूड पडतेय. टोकाचा स्क्रू ढिला करून दांडी पाच मिलिमीटर वर ओढा, स्क्रू आवळा आणि पुन्हा मोजा. उलट असतं तर आत ढकलायची. मोजताना बॉनेट आणि दारं बंद हवीत, कुणी गाडीला टेकून उभं नको. दर वेळी सुई आधी 'सेट'च्या रेघेवर आणा. २० ला सगळ्यात कमी आणि १ नि ४० ला जवळजवळ सारखं आलं की हात थांबवा. १.५ च्या आसपास आलं तरी परत येणारी शक्ती ४ टक्केच असते, १.१ च्या मागे लागून काठी कापायची गरज नाही.

पान्हा_क्र_१३ :
फक्त दिवसा घरघर, म्हणजे बहुतेक सोलर कंट्रोलर (पॅनलवरून बॅटरी चार्ज करणारा डबा). उन्हात पॅनल झाकून बघा, आवाज थांबला तर तोच. मग अँटेनाची केबल रेडिओमागून काढा. तरीही घरघर राहिली तर ती वीजपुरवठ्याच्या तारांतून येतेय. रेडिओची लाल-काळी वायर थेट गाडीच्या बॅटरीवर न्या, फ्यूज बॅटरीलगत. केबल काढल्यावर गप्प झाली तर अँटेनातून येतेय. कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंच्या तारांवर फेराइटचे क्लिप (तारेतला गोंगाट अडवणारे चिमटे) चढवा, कंट्रोलरच्या जितक्या जवळ तितकं चांगलं.

चाकांवरचं_घर :
दांडी वर घेतली. आता १.५, १.३, १.५. केबल काढल्यावर घरघर गेली, म्हणजे अँटेनातून. फेराइट मागवलेत. पान्हा, खरखर, मनापासून आभार.

पान्हा_क्र_१३ :
छान आकडे आलेत. थोडं फिरून झालं की ब्रॅकेटचे स्क्रू पुन्हा आवळा, नव्या जोडणीत ते हमखास ढिले होतात. आणि गाडी धुवायला देताना काठी उतरवून ठेवा.