मदत हवी आहे: पत्रिकेतला नाजूक तिरपा फाँट छापताना तुटतोय

पत्रिकावाली: ताईच्या लग्नाची पत्रिका करतेय. इंग्रजी बाजूला कॉर्मोरंट गॅरामाँड लाइट इटॅलिक घेतलाय. स्क्रीनवर काय देखणा दिसतो! पण प्रूफमध्ये, म्हणजे नमुना छपाईत, बारीक रेघा गायब. स्मॉल 'ई'ची आतली दांडीच उडालीय, 'वेडिंग'मध्ये 'ई'चा 'सी' झालाय. प्रेसवाले म्हणतात फाँट बदला. मला बदलायचा नाहीये. उद्या फाइल द्यायचीय, पटकन सांगा.

शाईचा_डाग: पॉइंट साइज किती? कागद कुठला? ऑफसेट की स्क्रीन प्रिंटिंग?

पत्रिकावाली: साइज नेहमी असते तेवढीच हो.

गणपा_गावकर: पत्रिका छापतं कोण आता? आम्ही व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकला, झालं. (आत्या अजून रुसलेली आहे, ते सोडा.)

डीटीपीकाका: प्रेसवाला बरोबर बोलतोय. इटॅलिक एखाद्या शब्दाला उठाव द्यायला असतं, आख्खा मजकूर तिरपा कशाला? सरळ टाइम्स बोल्ड टाक.

खिळेजुळारी: काका, १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्डुस मानुत्सिउस या मुद्रकाने रोमन कवी व्हर्जिल आख्खा इटॅलिकमध्ये छापला. ठसे फ्रांचेस्को ग्रिफोचे. उठाव वगैरे नंतर आलं. हाताच्या वळणाची, अरुंद अक्षरं आहेत ती. आमंत्रणाला, कवितेला शोभणारच. टाइम्स बोल्डमध्ये पत्रिका म्हणजे कोर्टाची नोटीस.

डीटीपीकाका: व्हर्जिलला हँडमेड कागदावर सोनेरी शाई नको होती.

पत्रिकावाली: काका, कसं ओळखलंत? हँडमेडच आहे! स्क्रीन प्रिंटिंग, सोनेरी. नावं ३६ पॉइंट, पत्ता ९.

शाईचा_डाग: अगं, हे आधी नाही का सांगायचं! कॉर्मोरंट मुळात मोठ्या आकारासाठी काढलेला फाँट. ९ पॉइंटला लाइटच्या रेघा केसाएवढ्या होतात. स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीतून शाई धड उतरत नाही, त्यात कागद खरखरीत. नावं आहेत तशीच ठेव, तिथेच त्याची मजा आहे. पत्ता-तारीख ईबी गॅरामाँड इटॅलिक मीडियममध्ये, ११-१२ पॉइंट. तोही गॅरामाँडच्याच वळणाचा, शेजारी खटकणार नाही.

सदा_घाईत: मराठी बाजूही तिरपी करा, मॅच होईल. कोरल सॉफ्टवेअरमध्ये स्क्यू मारला, म्हणजे अक्षरं ओढून तिरपी केली, की झालं.

खिळेजुळारी: कृपया नको! काने कलंडतात, गोलाई चेपते. तिरपंच हवं असेल तर तिरो देवनागरी मराठीत इटॅलिक मुद्दाम काढलेलं आहे. माझं मत विचाराल तर मराठी सरळच ठेवा.

पत्रिकावाली: मराठी बाजूचं मी विचारलंच नव्हतं 😅 फाँट न बदलता त्यालाच बारीक आउटलाइन मारली तर?

शाईचा_डाग: वळणाची वाट लागते. बारीक रेघ सुधारते, पण जाडही तेवढीच फुगते.

डीटीपीकाका: पाव पॉइंटने कुणाला काही कळत नाही, आम्ही सर्रास मारतो. तुला पटत नसेल तर एकाच प्रूफवर आउटलाइनवाली आणि ईबी गॅरामाँडची अशा दोन्ही ओळी काढून घे, कागद तोच, शाई तीच. फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून दे, नाहीतर प्रेसच्या मशीनवर फाँट नसला की तिसरंच काहीतरी छापून येईल.