कॅलसमधून वाढवलेली झाडं

‘टिश्यू कल्चरचं (प्रयोगशाळेत ऊतीच्या तुकड्यापासून वाढवलेलं) रोप म्हणजे मातृवृक्षाची तंतोतंत प्रत’ हे विधान मला निम्मंच पटतं. कक्षकळीपासून, म्हणजे पानाच्या बगलेतल्या कळीपासून, फुटवे घेतले तर बहुतांशी तसंच होतं. पण ऊतीचा आधी कॅलस, म्हणजे पेशींचा आकारहीन गोळा, करून त्यातून रोप उभं केलं की फरक शिरायला वाव मिळतो.

ऑइल पामचं, म्हणजे पामतेल देणाऱ्या झाडाचं, उदाहरण घ्या. मलेशियात कॅलसमधून वाढवलेली काही झाडं रोपवाटिकेत अगदी ठणठणीत दिसली, आणि लागवडीनंतर काही वर्षांनी फुलोरा आला तेव्हा दोष कळला! पुंकेसरांच्या जागी स्त्रीकेसरासारखे मांसल भाग आले होते. फळाभोवती जणू जास्तीच्या पाकळ्या. फळधारणा कमी, तेलही कमी. शेतकऱ्याची मधली वर्षं वाया, याचंच जास्त वाईट वाटतं.

२०१५ मध्ये कारण सापडलं. डीएनएचा क्रम बदललेला नव्हताच. फुलाच्या एका जनुकात बसलेल्या ‘कर्मा’ नावाच्या उड्या मारणाऱ्या (डीएनएत जागा बदलू शकणाऱ्या) तुकड्यावरचे मिथाइल गट, म्हणजे जनुकाच्या कामावर परिणाम करणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा, गळाले होते. म्हणून डीएनए क्रम जुळला एवढ्यावर रोप निर्दोष ठरत नाही. ही मिथाइलची खूण मात्र रोपाच्या पानावरूनही तपासता येते.