आयटीआयला गणित वाढवायचं की वर्कशॉप?

निवृत्त निदेशक:
२०२२ मध्ये अभ्यासक्रम बदलला. वर्षाचे १६०० तास होते ते १२०० झाले: पहिल्या वर्षी प्रात्यक्षिक ८४०, थिअरी २४०, रोजगार कौशल्य १२०. इलेक्ट्रिशियनच्या मुलांना आज सर्वांत जास्त गरज गणिताची आहे, हे माझं ठाम मत. ५ एचपीची थ्री-फेज मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण लोडला साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. हे ज्याला काढता येत नाही तो ओव्हरलोड रिले (करंट ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की मोटर बंद करणारं उपकरण) अंदाजानं लावतो, आणि ऐन रब्बीत शेतकऱ्याची मोटर जळते.

पॅनलवाला:
सर, करंट नेमप्लेटवर छापलेला असतो. माझ्याकडे इलेक्ट्रिक पॅनलच्या कामाला येणारी मुलं कमी पडतात ती हातानं. लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) नीट क्रिंप होत नाही, म्हणजे दाबून घट्ट बसत नाही, टर्मिनल सैल राहतं, तापतं. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) कुठे लावायचा ते पाठ असतं, लावलेला नसतो. आधीच तास कमी झालेत, त्यात गणित कुठून घालणार?

निवृत्त निदेशक:
दोनदा रिवाइंड झालेल्या मोटरीवर नेमप्लेट उरते का?

पॅनलवाला:
क्लॅम्प मीटर लावायचा.

निवृत्त निदेशक:
तो किती वाहतंय ते सांगतो, किती वाहायला हवं ते नाही. बेअरिंग धरलं असेल तर ११ दाखवेल, आणि पोरगा रिले ११ वर लावून मोकळा होईल.

डिप्लोमा दुसरं वर्ष:
मी इलेक्ट्रिशियन करून डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात आले. सर्किट्समध्ये फेजर (एसी व्होल्टेज-करंट दाखवणारे बाण) आले, कॉम्प्लेक्स नंबर आले. पहिल्या वर्षाचं गणित झालंय असं धरूनच शिकवतात. बारावी सायन्सची मुलं निभावून नेतात, आम्ही क्लास लावतो. पण लॅबमध्ये कनेक्शन करायला तीच मुलं आम्हाला बोलावतात. म्हणून पुढे शिकायचंय त्यांच्यासाठी गणित ऐच्छिक ठेवा, प्रात्यक्षिकाला हात लावू नका.

निवृत्त निदेशक:
ऐच्छिक नको. दहावी होऊन आलेल्या पोराला आपण पुढे शिकणार की नाही हे कुठे माहीत असतं? घरचे कमाईची वाट बघत असतात. ऐच्छिक म्हटलं की तो तास पहिला सुटतो.

पॅनलवाला:
रिलेचं पटलं. मग ते गणित मोटरीसमोर उभं करून शिकवा, प्रात्यक्षिकातच. वेगळा तास हवाच असेल तर रोजगार कौशल्याच्या १२० तासांतून घ्या.

डिप्लोमा दुसरं वर्ष:
त्याला माझा विरोध. मुलाखतीत इंग्रजीत दोन वाक्यं बोलायला मी तिथेच शिकले. दुसरीकडे कुठे शिकवतात ते?