मदत हवी आहे: डीयूआय (दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा) पेनसिल्व्हेनियात, लायसन्स न्यू जर्सीचं, नवी नोकरी टेक्सासला

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर अॅडमिननी हलवावा.

प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे. एच१बी वर्क व्हिसावर आहे, न्यू जर्सीत राहतो, लायसन्स तिथलंच. मागच्या वर्षी फिलाडेल्फियात मित्राकडून रात्री परत येताना पोलिसांनी थांबवलं आणि दारूच्या टेस्टमध्ये ०.११ आलं, मर्यादा ०.०८ ची. कोणाला लागलं नाही, गाडी कुठे ठोकली नाही, देवाची कृपा, पण चूक ती चूकच आणि तो ती मान्य करतो. कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला, ४८ तास आत काढले. बाहेर आला तेव्हा घ्यायला मीच गेले होते, गाडीत बसल्यावर सीटबेल्टचं बक्कल त्याला लावता येईना इतके हात थरथरत होते, शेवटी मी लावून दिलं. आईबाबांना अजून सांगितलेलं नाही.

पेनसिल्व्हेनियाने १२ महिने तिथे गाडी चालवायला बंदी केली. पण न्यू जर्सीचं कार्ड पाकिटातच राहिलं, कोणी मागितलं नाही, म्हणून हा समजला की बंदी फक्त तिकडे, इथे चालवलं तर चालतंय. आता टेक्सासमध्ये नोकरी मिळालीय, पुढच्या महिन्यात जायचंय, आणि हा म्हणतो ताई तिथे नवीन लायसन्स काढतो, पाटी कोरी होईल. परवा सामान बांधायला गेले तर कूपनच्या गठ्ठ्यात एमव्हीसीचं (न्यू जर्सीचं लायसन्स खातं) न फोडलेलं पाकीट सापडलं. आत सस्पेन्शनची नोटीस, ते सुरू व्हायची तारीख तीन आठवड्यांपूर्वीच उलटून गेलेली. म्हणजे तीन आठवडे हा लायसन्स नसताना रोज ऑफिसला गाडी नेत होता!! चावी मी काढून घेतलीय.

आता विचारायचंय ते हे की टेक्सासमध्ये त्याला लायसन्स मिळेल का? आणि त्याच्याकडे महाराष्ट्राचं जुनं लायसन्स आहे, आईकडून इंटरनॅशनल परमिट काढून मागवू म्हणतोय, ते चालेल का? प्लीज कोणी यातून गेलं असेल तर सांगा, झोप उडालीय.

प्रतिसाद १

चावी काढून घेतलीत हे उत्तम केलंत, ती परत देऊ नका. मी वकील नाही, पण जवळच्या माणसाचं हेच निस्तरलंय.

पाटी कोरी होत नाही. दुसऱ्या राज्याचं लायसन्स पेनसिल्व्हेनिया रद्द करू शकत नाही, फक्त आपल्या हद्दीत चालवायचा हक्क काढून घेतं, पण ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट नावाचा राज्याराज्यांमधला करार आहे, त्यातून शिक्षेची खबर घरच्या राज्याला जाते आणि न्यू जर्सी तो गुन्हा आपल्याच रस्त्यावर घडल्यासारखा धरून स्वतःच्या कायद्याने कारवाई करतं. तुमच्या हातात आलेलं पाकीट तेच. म्हणजे सस्पेन्शनं दोन आहेत, एक नाही, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. कार्ड पाकिटात असणं आणि लायसन्स चालू असणं यांचा काही संबंध नाही, पोलिसाला स्क्रीनवर दिसतं.

जॉर्जिया, विस्कॉन्सिन अशी काही राज्यं कॉम्पॅक्टमध्ये नाहीत म्हणून तिथे जा असं कोणी सुचवेल, ऐकू नका. नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर म्हणून केंद्राची यादी आहे, कुठल्याही राज्यात अर्ज केला की नाव आधी तिथे तपासतात. टेक्सासमध्ये लायसन्स डीपीएस देतं, तेही तपासतात. नाव निघालं की आधी त्या राज्यांकडून मोकळं करून या म्हणतात. टेक्सास नवीन माणसाला ९० दिवस देतं ते चालू लायसन्स असणाऱ्याला, सस्पेंड झालेल्याला नाही. आणि फॉर्मवर आधीच्या सस्पेन्शनबद्दल विचारलं तर खरंच लिहा, खोटं लिहिलं तर वेगळा गुन्हा.

परमिटचा विचार तर डोक्यातून काढाच. सस्पेंड होतो तो गाडी चालवायचा हक्क, भारतातून दुसरं कार्ड मागवून तो परत येत नाही.

आज बसून एवढं करा, न्यू जर्सीचा ड्रायव्हर हिस्टरी अॅबस्ट्रॅक्ट (लायसन्सवरच्या नोंदींचा उतारा) ऑनलाइन काढा, १५ डॉलर लागतात, आणि पेनडॉटकडून (पेनसिल्व्हेनियाचं वाहतूक खातं) रिस्टोरेशन रिक्वायरमेंट्सचं पत्र मागवा, त्यात काय काय पूर्ण करायचंय ते येतं. मुदत संपली म्हणून लायसन्स आपोआप चालू होत नाही, दोन्हीकडची फी वेगवेगळी भरावी लागते. एमव्हीसीला नवा पत्ता लगेच कळवा, नाहीतर पुढचं पत्रही कूपनमध्येच जाईल.

प्रतिसाद २

वरच्या सगळ्याला अनुमोदन. एक राहिलं, व्हिसा. दारू पिऊन चालवल्याबद्दल गेल्या पाच वर्षांत अटक झाली असेल तर स्टेट डिपार्टमेंट (अमेरिकेचं परराष्ट्र खातं) पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टँप रद्द करू शकतं, तेही नुसत्या ईमेलने. इथला स्टेटस त्याने जात नाही, पण बाहेर पडलं की नवा स्टँप लागतो आणि त्याआधी डॉक्टरी तपासणीला पाठवतात. इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय भारताचं तिकीट काढू देऊ नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री त्याला शेजारी बसवून हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. आधी वाद घातला, मग गप्प बसला, मग स्वतःच अॅबस्ट्रॅक्ट काढला. त्यात दोन्ही नोंदी दिसतायत. टेक्सासला विमानाने जाईल, ऑफिसपासून बसच्या अंतरावर खोली बघतोय, आणि मॅनेजरला गाडी नाही हे आधीच कळवलंय. व्हिसाचं तर आमच्या डोक्यातच नव्हतं, दिवाळीचं तिकीट काढणार होतो, थांबवलंय.

अजून एकच, पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी दोन्हीकडची कामं एकत्र बघणारा वकील कोणी घेतला होता का? की दोन वेगळे करावे लागतात?