डोळे नॉर्मल आहेत, तरी लेक माझ्याकडे बघत नाही (जन्मजात सीएमव्ही)

चिऊचीआई:
लेक साडेसात महिन्यांची आहे. जन्मल्यावर एका कानाची तपासणी नीट आली नाही, म्हणून १२व्या दिवशी लघवी तपासली. सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस, पोटात असतानाच बाळाला होऊ शकणारा एक व्हायरस) निघाला. गरोदरपणात चार दिवस कणकण होती, तेवढंच आठवतं आणि तेच डोक्यात फिरत राहतं. सहा महिने औषध दिलं, ते नुकतंच संपलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं. पडद्यावर डाग नाही, नसही चांगली आहे म्हणाले. मग ती माझ्या चेहऱ्याकडे का बघत नाही? पंख्याकडे मात्र एकटक बघते. काल माझी लाल ओढणी हलली तेव्हा नजर वळल्यासारखी वाटली. भास असेल का?

सावली_५:
भास नाही. माझ्या मुलालाही पोटात असतानाच सीएमव्ही झाला होता, आता तो पाच वर्षांचा आहे. त्याचेही डोळे चांगलेच होते. इजा मेंदूत होती, जिथे दिसलेल्याचा अर्थ लागतो तिथे. कागदावर 'सीव्हीआय', म्हणजे मेंदूमुळे होणारा दृष्टिदोष, असं लिहून मिळालं तेव्हा कुठे कळलं.

पंखा, दिवा, हलणारी लाल वस्तू, आमचंही अगदी हेच होतं. चेहरा या मुलांना फार अवघड जातो. डोळे हलतात, ओठ हलतात, वर आवाजही येतो. मी काळी चादर लावून चादरीपुढे एकच लाल चेंडू धरायचे. तोंडातून शब्द काढायचा नाही, कारण तो ऐकायला लागला की बघणं थांबायचं. मनात आकडे मोजायचे. पहिल्यांदा मान वळली ती सोळाला. नंतर लाल टोपी घालून समोर बसू लागले. आधी त्याला टोपी सापडली, टोपीखालची मी बऱ्याच महिन्यांनी.

आणि कणकणीचं मनाला लावून घेऊ नका हो. हा व्हायरस लहान मुलांच्या लाळेतून, लघवीतून येतो. बहुतेक आयांना झाल्याचं कळतही नाही.

नेत्रतपासनीस:
मी लहान मुलांची नजर तपासते. रुबेला (जर्मन गोवर) हाही गरोदर आईकडून बाळाला होतो, पण त्यातला मोतीबिंदू डोळ्यात दिसतो. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांना त्यावरूनच आईच्या आजाराशी संबंध लक्षात आला. सीएमव्हीत तसं डोळ्यात काही दिसेलच असं नाही. रेषांच्या कार्डांची तपासणी मागा, बाळ रेषांकडे वळतं का ते त्यात बघतात. चष्म्याचा नंबर आणि जवळचं स्पष्ट दिसतं का, हेही विचारा. ब्राझीलमध्ये २०१५च्या झिका व्हायरसच्या साथीनंतर, पोटातच त्याची लागण होऊन जन्मलेल्या बऱ्याच बाळांना जवळचं धूसर दिसायचं, चष्म्याने फरक पडला. आज पडदा चांगला असला तरी पुढच्या तपासण्या चुकवू नका. तिरळेपणा किंवा पडद्याचा त्रास नंतरही सुरू होऊ शकतो.

चिऊचीआई:
कार्डांच्या तपासणीसाठी बुधवारची वेळ मिळाली. आज दुपारी आवाज न करता ओढणी धरून बसले. तेवीसला वळली. मग परत पंख्याकडे. संध्याकाळी पुन्हा धरली, एकोणिसाला वळली.